अडतीस नंबरचे दोन आवाज

दुसऱ्याच्या नंबरावर 'हजर' म्हणण्यात काट्याचा फायदा काय होता, ते आधी बघू. आठवडाभर मावसभावाच्या स्कूटरची मागची सीट. म्हणजे दोन बस बदलणं वाचलं, बसमधले लोकांचे कोपरे वाचले, आणि घरी वेळेवर पोचल्यामुळे ताईचं "आलीस? आम्हाला वाटलं, आता उद्याच येतेस" हेही वाचलं. द्यायचं काय, तर सोमवारी पहिल्या तासाला एकच शब्द, तोही जरा घोगऱ्या आवाजात. इतका स्वस्तातला सौदा कुणी सोडत नाही. ती तर नाहीच नाही.

काटा हे तिचं घरातलं नाव. तराजूचा काटा. लहानपणी खाऊ वाटायला बसली की दोन्ही वाट्या अगदी सारख्या होईपर्यंत कुणाला बोट लावू द्यायची नाही, तेव्हापासून ते चिकटलं आणि मावसभावाने ते कॉलेजातही आणून पोचवलं. मावसभाऊ तिच्याच वर्गात होता. तिच्याहून तीन महिन्यांनी मोठा, आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला 'दादा' म्हणवून घ्यायचा. मुलांचे शनिवार-रविवार कशात जातात याची कुणी चौकशी केली असती तर ह्याच्या बाबतीत उत्तर एका शब्दाचं होतं: झोपेत. त्यात ह्याचा रविवार सोमवारी दुपारी संपायचा. हजेरीत ह्याचा नंबर अडतीस.

तर सोमवार. रसायनशास्त्राचे सर मान खाली घालून हजेरी घेत होते.

"सदतीस."

"हजर."

"अडतीस."

"हजर!" पहिल्या बाकावरून काटा घोगरी झाली. आणि त्याच क्षणी, महिनाभर तालीम केल्यासारखा, शेवटच्या बाकावरून दुसरा आवाज आला, "हजर!"

सरांनी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अडतीस नंबरला आज दोन तोंडं फुटलीत," ते म्हणाले. "आणि त्यांतलं एकही त्याचं नाही. उभे राहा बघू दोन्ही अडतीस."

वर्ग हसून लोळला. काटा उभी राहिली. मागे खिडकीपाशी एक उंच, सडपातळ मुलगा उभा राहिला होता. त्याला सगळे पाहुणा म्हणत. एक तर तो पाहुण्याइतकाच क्वचित यायचा, आणि आला की अंग चोरून, परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखा बसायचा. दोन वर्षांत काट्याने त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तोही तिच्याच शब्दावर स्वार झालेला.

निकाल तिथल्या तिथे लागला. परीक्षेच्या अर्जांवर सह्या होईपर्यंत दर शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत यायचं आणि आठवडाभराची काचेची भांडी धुवायची.

"तुझी हजेरी इतकी कमी आहे," सर पाहुण्याला म्हणाले, "की परीक्षेसाठी मला सही करता येत नाही. हे शनिवार मी हजेरीत धरीन. एक जरी चुकला, किंवा असली हातचलाखी पुन्हा दिसली, तर सही विसर. पुढच्या वर्षी ये म्हणेन, पण असे गेलेले परत येत नाहीत, हे मी बघितलंय."

पाहुणा नुसता कानाशी लाल झाला.

"आणि सर, मी?" काट्याने विचारलं. "माझी तर एकही गैरहजेरी नाही."

"तू नुसती लाज म्हणून ये."

*

"तू मध्ये कशाला कडमडलास?" वर्गाबाहेर पडता पडता काट्याने त्याला गाठलं.

"मध्ये कुठं? मी शेवटच्या बाकावर होतो."

"दादाने मला सांगितलं होतं!"

"मलाही सांगितलं होतं. वर म्हणाला, वर्गात भरवशाचा असा तूच एक."

काट्याचा पारा जरा उतरला. "...मलाही हेच म्हणाला."

"तुला काय मिळणार होतं?"

"स्कूटर. तुला?"

"प्रॅक्टिकलचं जर्नल. उतरवून घ्यायला. अक्षर फार सुंदर आहे म्हणे त्याचं."

काटा चालता चालता थांबली. "निळं कव्हर? कोपऱ्यात शाईचा डाग?"

"हो."

"माझं आहे ते. माझ्याकडून नेतो तो उतरवायला."

मग पाहुणा सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाला, "म्हणजे तुझं जर्नल दाखवून त्याने मला घेतलं. आणि स्कूटर दाखवून तुला."

"स्कूटर माझ्या मावशीची आहे."

"मग त्याचं स्वतःचं काय गेलं?"

"काही नाही," काटा म्हणाली. "झोपसुद्धा नाही."

त्यावर पाहुणा हसला. हसताना तो परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखा अजिबात वाटत नव्हता, हे काट्याच्या लक्षात आलं आणि तिने ते सोडून दिलं. निदान सोडून दिलं असं तिला वाटलं.

*

शनिवारचं कॉलेज म्हणजे वेगळीच जागा. जिन्यात आपल्याच पावलांचा आवाज, बाकांवर पसरलेलं ऊन, आणि प्रयोगशाळेत आठवडाभराच्या वासांचा थकलेला दर्प. सरांनी कुलूप उघडून दिलं आणि एकच धडा दिला. काच धुतली की पाण्याने भरायची आणि ओतून टाकायची. पाणी सरळ निथळून गेलं तर काच स्वच्छ. थेंब कुठं धरून राहिला तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवायची. "नंतर मी एकेक उजेडाला धरून बघणार आहे," असं बजावून ते आपल्या खोलीत निघून गेले.

काट्याने एप्रन चढवला. पाहुण्याकडे एप्रन नव्हता. तो सिंकवर वाकला, आणि तिला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर मधोमध एक तपकिरी, टोकदार आकार.

"पाठीवर होडी कसली रे?"

"होडी नाही, इस्त्री आहे ती," तो मागे न बघता म्हणाला. "आमची लाँड्री आहे. मी ह्याच शर्टावर शिकलो."

काटा हसली. वाईट हसली नाही, पण खळखळून हसली. पाहुण्याने नळ थोडा मोठा केला.

"तुला काटा का म्हणतात?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "तोलतेस म्हणून, की टोचतेस म्हणून?"

"समोरचा कोण आहे त्यावर आहे."

"बरं झालं विचारलं. कारण तुझं नाव घेतलं की अंगावर काटा येतो."

"यायलाच हवा," ती म्हणाली, आणि उगाचच तीच टेस्ट ट्यूब दुसऱ्यांदा धुतली.

पुढच्या शनिवारी तो फिकट आकाशी शर्टात आला. कॉलर अशी कडक की तिच्यावर पत्र लिहावं. त्याच्या पुढच्या शनिवारी बारीक चौकडीचा. मग मोतिया रंगाचा, मनगटाशी दुहेरी बटणं. काटा बघत होती आणि मनात नोंदवत होती. एरवी आठवड्यात कधी दिसलाच तर तो होडीवाल्या शर्टात असायचा. मग हे काय?

"किती शर्ट आहेत रे तुझ्याकडे?"

"असतील शंभरेक."

"शंभर!"

"सगळे माझ्या मालकीचे नाहीत," तो ब्रश बाटलीत फिरवत म्हणाला. "सोमवारच्या गठ्ठ्यातले आहेत. घरी गेलो की पुन्हा धुतो, पुन्हा इस्त्री करतो. मालकाला दोनदा धुतलेला मिळतो... तक्रार करायची कुणी?"

"म्हणजे शर्टांचीही प्रॉक्सी!"

"शर्ट हजर, मालक गैरहजर."

मग तो तिला शर्टांवरून माणसं ओळखून दाखवू लागला. खिशाच्या तळाशी शाई म्हणजे कारकून. उजवा कोपर झिजलेला म्हणजे दिवसभर टेबलाशी बसून कुणाची तरी वाट बघणारा. "गठ्ठ्यावर खुणेचा दोरा असतो, मालकाचा फोटो नसतो. त्यामुळे ओळखलं ते खरं की खोटं, कधी कळत नाही."

"पण घालतोस कशाला?"

पाहुणा जरा अडखळला. "काचेच्या भांड्यांना आवडतं," तो म्हणाला.

हळूहळू बोलणं वाढलं, भांडी मात्र तेवढीच राहिली. त्यामुळे ती धुवायला जास्त वेळ लागू लागला, आणि दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. काट्याने त्याला सांगितलं की शनिवार-रविवार तिला मुळीच आवडत नाहीत. ताई वरच्याच मजल्यावर राहते. सुट्टीच्या दिवशी ताईला सुट्टी, भावजींना सुट्टी, आणि ताईची जुळी मावशीच्या, म्हणजे हिच्याच, मांडीवर. "एक वेणी ओढतं, दुसरं चष्मा पळवतं. माझी एकही गैरहजेरी नाही याचं सगळ्यांना कौतुक आहे. पण मी अभ्यासासाठी थोडीच येते? कॉलेज हे माझं माहेर आहे. इथं मला कुणी हाक मारत नाही."

"माझं उलटं," पाहुणा म्हणाला. "शनिवारी सगळ्यांना सोमवारचे कपडे हवे असतात. गावाचा आठवडा आमच्या टेबलावर सुरू होतो. मी पहाटे उठून अर्धा गठ्ठा उरकतो तेव्हा आई सोडते इकडे. मला सोडताना तिचा चेहरा बघायला हवा... जसं काही मी परदेशी निघालोय. घरातलं एक माणूस तरी त्या टेबलापासून सुटावं, एवढंच तिचं म्हणणं."

"आणि तुझं?"

तो टेस्ट ट्यूब उजेडाला धरून बघत राहिला. "मी सोडून द्यायचं ठरवलं होतं. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं. वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं कुठं बसायचं, कधी हसायचं, काय विचारायचं. मला कुणी बाहेर काढत नाही, पण बस असंही म्हणत नाही. सोमवारचं कॉलेज मला ओळखत नाही ग." मग जरा थांबून, ट्यूबशीच बोलल्यासारखं, "शनिवारचं ओळखतं."

काट्याने ट्यूब त्याच्या हातून घेतली आणि खुंटीवर उलटी टांगली.

*

शेवटचा शनिवार. सर सही करायला स्वतः येणार होते, म्हणून भांडी वेळेवर धुवून झाली. तास-दोन तास त्यांच्याकडे काढायला काहीच काम उरलं नाही. दोघं खिडकीपाशी उभी राहिली.

"आजचा कोण आहे?" काट्याने त्याच्या शर्टाकडे मान उडवली. पांढरा शर्ट, साधाच.

"हा?" पाहुण्याने छाती बघून घेतली. "हा कुणीतरी रसिक दिसतो. खिशाच्या कोपऱ्याला भोक पडलेलं. सिगारेट ओढता ओढता कविता सुचत असणार. आणि घरात पांढरा दोरा संपलेला, म्हणून निळ्याने टाके..."

निळे टाके. काटा पुढे वाकली.

तो निळा टाका तिने दोन वर्षं बघितला होता. पहिल्या बाकावर बसून, कंटाळवाण्या तासाला, फळ्यासमोर येरझाऱ्या घालणाऱ्या खिशावर. ते भोक सिगारेटचं नव्हतं, आम्लाच्या थेंबाचं होतं.

"अरे... हा सरांचा शर्ट आहे!"

"कुठल्या सरांचा?"

जिन्यात चपला वाजल्या. सावकाश, एका पायावर जरा जास्त जोर देत. उत्तर द्यायची गरज उरली नाही.

पाहुणा भिंतीसारखा पांढरा झाला. पुन्हा हातचलाखी दिसली तर सही विसर, असं ज्यांनी सांगितलं त्यांचाच शर्ट अंगावर. एवढे शनिवार धुतले ते सगळे ह्या एका खिशाने बुडवले असते, आणि सोमवारपासून तो कायमचा इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला असता.

"घाल," काटा म्हणाली. तिने स्वतःचा एप्रन ओढून काढला होता.

"हा मला कसा..."

"घाल म्हणते ना!"

सर आत आले तेव्हा पाहुणा एप्रनमध्ये होता. म्हणजे निम्मा होता. बाह्या कोपरांशी थांबल्या होत्या, बटणं जीव मुठीत धरून बसली होती, आणि त्याने श्वास आत घेतला होता तो बाहेर सोडायची सोय नव्हती.

सरांनी एकेक ट्यूब उजेडाला धरली. ब्युरेट बघितल्या. बीकर बघितले.

"स्वच्छ आहे सगळं," ते म्हणाले. "एप्रन कुणाचा?"

"माझा, सर," काटा म्हणाली.

"मग त्याच्या अंगात का?"

"त्याच्याकडे नाही, सर. शर्ट भिजू नये म्हणून..."

"काम तर संपलंय."

पाहुण्याने तोंड उघडलं, पण काटा आधी बोलली.

"मी सांगितलं घालायला, सर. आतला शर्ट कुणाचा आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. हजेरी कापायची तर माझी कापा. माझी भरपूर आहे."

तिचं तिलाच नवल वाटलं. हातातलं देऊन टाकायचं आणि बदल्यात काही मागायचं नाही, असा व्यवहार तिने जन्मात केला नव्हता.

"सर, चूक माझीच आहे," पाहुणा घाईने म्हणाला, आणि श्वास सुटला तसं मधलं बटण उडून सिंकमध्ये पडलं. एप्रन उघडला. निळा टाका समोर आला.

सरांनी त्याच्याकडे बघितलं, जुना मित्र भेटावा तसं.

"आधी एका नंबराला दोन आवाज," ते म्हणाले. "आता एका शर्टाला दोन अंगं. मी मगाशी दारातूनच ओळखला. कॉलर काय बसलीये! माझ्या अंगावर मेली कधी अशी बसत नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाहुण्याच्या कागदावर सही केली. "खरं तर शिक्षा वाढवणार होतो. पण तुम्हा दोघांची तोंडं बघितली, आणि ती शिक्षा होईल असं वाटेना. आजचा शनिवार मात्र हिचा कापतो. मागितलाय तिने."

दारात जाऊन ते वळले. "सोमवारी मला तो लागेल. आणि टाका उसवू नकोस. बायकोने घातलाय."

*

चपला जिना उतरून गेल्या. मग पाहुणा हसायला लागला, काटाही हसली, आणि हसता हसता ती त्याच्याकडे वळली.

"एक सांग. सोमवारी तू स्वतःचाच शर्ट घालतोस. होडीवाला."

"हो."

"सोमवारी अख्खा वर्ग बघत असतो. शनिवारी इथं कुणीच नसतं. मग हे मोतिया नि चौकडीचे..."

"कुणीच नसतं?"

तिने सिंकमधून बटण उचललं. ते धुतलं. पुन्हा धुतलं.

"तू हसली होतीस," पाहुणा म्हणाला. "पहिल्या शनिवारी."

"होडीला हसले मी. तुला नाही."

"होडी माझ्याच पाठीवर होती ना? म्हटलं, निदान शनिवारी तरी तुला हसू येणार नाही असं काही घालावं."

"आणि मग नाही हसले?"

"हसलीस. पण शर्टाला नाही..."

"मग कशाला?"

"ते तू सांगायचं. काटा तू आहेस."

खिडकीतून येणारं ऊन टांगलेल्या ट्यूबांमधून जात होतं आणि फरशीवर त्याच्या रेघा पडल्या होत्या. काटा त्या रेघांकडे बघत राहिली.

"हलतोय अजून," ती हळूच म्हणाली. "थांब... स्थिर होऊ दे."

तो थांबला. थांबणं त्याला चांगलं जमायचं.

"झाला?"

"झाला."

"कुणीकडे?"

तिने ओलं बोट पुढे केलं आणि निळ्या टाक्याच्या जरा वर, जिथे खिसा संपतो तिथे टेकवलं. "इकडे."

शर्टावर एक थेंब राहिला. काच असती तर नियमाप्रमाणे पुन्हा धुवावी लागली असती. दोघांनी तो तसाच राहू दिला.

*

रविवारी मावसभावाने निरोप धाडला, उद्या नेहमीप्रमाणे. काटा जिना उतरून स्वतः त्याच्याकडे गेली.

"दादा, उद्यापासून तुझं तू म्हण."

"आणि स्कूटर?"

"नको मला."

"मग घरी कशी येणार आहेस?"

"चालत."

"काट्या, डोकं फिरलंय का? केवढं लांब आहे!"

"लांबच बरं," काटा म्हणाली.

तर शेवटी कुणी काय मोजलं? सोमवारी सर आले ते कडक कॉलरमध्ये, निळा टाका जागच्या जागी. त्यांचं गेलं काहीच नाही, उलट शर्ट दोनदा धुवून मिळाला. काट्याच्या नावापुढे दोन वर्षांतला पहिली गैरहजेरीची फुली पडली. तिने ती वाकून बघितली आणि कुणी बक्षीस दिल्यासारखी हसली. पाहुण्याचे शंभर शर्ट गेले, एक राहिला. तो घालून, होडी पाठीवर घेऊन, तो आज शेवटच्या बाकावर न जाता दुसऱ्यावर बसला होता, पहिल्या बाकाच्या बरोबर मागे. त्याचा नंबर आला तेव्हा तो स्वतःच्या आवाजात 'हजर' म्हणाला, आणि सरांकडे बघून म्हणाला असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

पण तो नंबर पुढचा. आधी अडतीस आला.

"अडतीस," सर म्हणाले.

वर्ग गप्प. पहिला बाक गप्प, दुसरा बाक गप्प. सरांनी पेन उचललं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. केस उभे, गालावर उशीच्या घड्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"हजर..." मावसभाऊ धापा टाकत म्हणाला.

ज्याचं झोपेइतकंही कधी गेलं नव्हतं, त्याचीच झोप गेली. आणि सगळ्यांचा मिळून खर्च शेवटी त्याच्या एकट्याच्या उशीवर पडला.